मलिदा, रेवडी आणि खिरापत

अहिल्यानगरहून पाथर्डीकडे जाणाऱ्या सडकेवर, गर्भगिरीच्या डोंगररांगांच्या सान्निध्यात, तिसगाव हे बाजाराचे गाव वसले आहे. त्याच्या जवळच मढी हे नाथपंथीयांचे विख्यात क्षेत्र असून तेथे कानिफनाथांची समाधी आहे. होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत मढीची यात्रा भरते आणि रंगपंचमीस तिला भर येतो. महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून येणारे यात्रेकरू नाथांस मलिद्याचा नैवेद्य दाखवितात व परत जाताना रेवडीचा प्रसाद पदरी बांधून नेतात. या दोन पदार्थांत न तूपसाखरेची श्रीमंती आहे, न पाककौशल्याचा डौल. चपाती अगर भाकरी कुस्करावी, तीत गूळ आणि असेल तेवढे तूप मिसळून मळावे, की मलिदा झाला. मुळात तो शब्दच फारसी असून ‘मळलेले, चोळलेले’ असा त्याचा अर्थ आहे. दर्ग्यामध्ये मलिदा चढतो. कोकणातील बेने इस्रायल ज्यू बांधवही एलिया प्रेषिताच्या स्मरणार्थ पोहे, गूळ व खोबरे यांचा मलिदाच करतात. एका गरीब पक्वान्नाने तीन धर्मांच्या घरांत आपले स्थान मिळवावे, ही गोष्ट लहान नव्हे.

लोककार्यासाठी घरच्या घरी स्वस्त खाऊ करावा, तो वाटावा अगर विकावा आणि त्यातून सार्वजनिक गरज भागवावी, ही कल्पना पुष्कळांना परदेशातून आलेली वाटते. शाळाशाळांतून भरणारे आनंदमेळावे आणि संस्थांच्या मदतीसाठी मांडलेली खाद्यपदार्थांची दुकाने पाहून हा समज दृढ होतो. त्यात तथ्य मुळीच नाही असे नव्हे. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळी, 1863 साली, शिकागो शहरी जखमी सैनिकांच्या शुश्रूषेसाठी मोठी जत्रा भरविण्यात आली. मेरी लिव्हरमोर आणि जेन होग या दोन स्त्रिया तिच्या प्रमुख चालक होत्या. घरोघरच्या गृहिणींनी पाठविलेल्या वस्तू व खाद्यपदार्थ यांच्या विक्रीतून तेथे निधी उभा राहिला आणि अन्य शहरांनी तिचे अनुकरण केले. परंतु या कल्पनेचा गाभा, म्हणजे ज्याच्यापाशी पैसा नाही त्यानेही हातच्या श्रमाने आणि घरच्या दाण्याने समाजकार्यात वाटा उचलावा हा विचार, महाराष्ट्रास अपरिचित नव्हता.

गोपाळकाल्याचेच उदाहरण घ्यावे. प्रत्येकाने आपापली शिदोरी आणावी, लाह्या, पोहे, दही, जे असेल ते एकत्र कालवावे आणि कोणाचे काय होते हे न विचारता सर्वांनी खावे, असा तो प्रघात. या एका कृतीत वर्गणीचे तत्त्व आहे व समतेचेही आहे. भोंडल्याच्या खिरापतीतही तेच. मुलींनी फेर धरावा आणि शेवटी घरधनिणीने डब्यात झाकून ठेवलेला पदार्थ ओळखावयास सांगावा. खोबरे-साखर असो वा डाळीची वाटली असो, तो सर्वांच्या हातांवर सारखाच पडतो.

तथापि काल्याची ही समता देवळाच्या अंगणाबाहेर फारशी पडली नाही, हेही इतिहासाने नमूद केले पाहिजे. कोणी शिजविले आणि कोणी खाल्ले, या प्रश्नाने महाराष्ट्राचे समाजजीवन दीर्घकाळ ग्रासले होते. 1890 साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहापान झाले, त्यावरून न्यायमूर्ती रानडे व लोकमान्य टिळक यांच्यासारख्या थोरांवरही ग्रामण्य उभे राहिले आणि प्रायश्चित्ताचा वाद वर्षानुवर्षे गाजला. जेथे एका पेल्याने एवढा गहजब होई, तेथे घरोघरच्या चुलीवरचे पदार्थ एका मेजावर मांडून सर्व जातींच्या गिऱ्हाइकांस विकणे कसे शक्य होते? यात्रेच्या प्रसादात रेवडी, फुटाणे, चुरमुरे, खोबरे, पेढे असे कोरडे पदार्थच प्रामुख्याने का आढळतात, याचे एक कारण ते टिकतात हे आहे. दुसरे कारण असे की, कोरड्या खाऊस शिजविलेल्या अन्नाइतका विटाळ मानीत नसत. म्हणजे जी वस्तू आज केवळ सोय वाटते, तिच्यामागे एक दुःखद सामाजिक कारणही दडलेले आहे.

यास्तव महाराष्ट्रातील लोकनिधीचा पहिला मोठा प्रवाह शिजविलेल्या अन्नातून न वाहता कच्च्या दाण्यातून व सुट्या नाण्यातून वाहिला. अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंडाची कल्पना काढली. प्रत्येकाने एक पैसा द्यावा, एवढेच तिचे मागणे होते. त्या पैशापैशांतून 1908 साली तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना उभा राहिला. दाण्याचा प्रवाह म्हणजे मुष्टिफंड. गृहिणीने दळणास बसण्यापूर्वी एक मूठ धान्य बाजूस काढून ठेवावे व ते संस्थेने गोळा करावे, अशी ती रीत. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि पुढे साताऱ्यास वसतिगृह काढले, तेव्हा या मुठींचा त्यांस मोठा आधार झाला. त्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत आणि एका पंगतीस बसत. 1927 साली महात्मा गांधींच्या हस्ते त्यास राजर्षी शाहूंचे नाव देण्यात आले. काल्याची समता देवळाच्या अंगणातून निघून शाळेच्या स्वयंपाकघरात पोहोचली ती अशी. नगर जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांतही रयतेच्या शाळा निघाल्या, हे येथे ध्यानात ठेवावे.

ज्या जिल्ह्याचे नाव 2024 साली अहिल्याबाई होळकरांच्या स्मरणार्थ बदलले गेले, त्या जिल्ह्यास दानधर्माची थोर परंपरा आहे, हे वेगळे सांगावयास नको. 1725 साली जामखेड तालुक्यातील चौंडी येथे जन्मलेल्या या राणीने भारतभर घाट, विहिरी, धर्मशाळा व अन्नछत्रे उभारली. परंतु राणीचे अन्नछत्र आणि गरिबाची मूठ यांत भेद आहे. अन्नछत्रात एक देतो व अनेक घेतात. मुष्टिफंडात अनेक देतात आणि घेणाऱ्यास कोणा एकापुढे मान लववावी लागत नाही.

1972 च्या दुष्काळात या भेदाची कठोर परीक्षा झाली. नगर जिल्हा पर्जन्यछायेतला आणि त्यातही पाथर्डीकडील मुलूख विशेष कोरडा. दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी गाव सोडून जाणाऱ्या कुटुंबांचा हा प्रदेश. त्या वर्षी महाराष्ट्रात लक्षावधी माणसे खडी फोडण्याच्या, बंधारे व रस्ते बांधण्याच्या कामांवर गेली. त्या कामांवर सुकडी वाटली जाई. पीठ, गूळ आणि तेल यांचे ते मिश्रण. घरोघरी जिला गूळपापडी म्हणतात, तिचीच ही दुष्काळी बहीण. ज्यांनी ती त्या वयात खाल्ली, त्यांच्या पिढीस सुकडी या शब्दासरशी दुष्काळ आठवतो. परंतु कष्टकऱ्यांनी ती भिक्षा म्हणून घेतली नव्हती. दिवसभराच्या घामानंतर ती त्यांच्या पदरी पडत होती. कामाच्या मोबदल्याचे हेच तत्त्व पुढे वि. स. पागे यांच्या प्रयत्नांनी रोजगार हमीच्या कायद्यात उतरले. तो कायदा 1977 साली संमत होऊन 1979 च्या प्रजासत्ताक दिनापासून अमलात आला.

सुकडीची निवड योगायोगाने झाली नव्हती. गहू, बाजरी, हरभरा, तीळ, शेंगदाणा आणि गूळ यांवाचून कोरडवाहू मुलखाच्या घरी दुसरे काय असणार? या जिनसांचे पदार्थ भट्टीवाचून, बर्फावाचून व दुधावाचून होतात. गूळ आटला की त्यातील पाण्याचा अंश फार थोडा उरतो. भाजलेल्या पिठातही ओल राहत नाही. ओल नसली म्हणजे बुरशीस वाव मिळत नाही, म्हणून असा खाऊ उन्हाळ्यातही कित्येक दिवस टिकतो. एक किलो गव्हाचे पीठ चारशे ग्रॅम तुपात मंद आचेवर खमंग भाजावे, भांडे खाली उतरवून त्यात पाऊण किलो चिरलेला गूळ घालून ढवळावे आणि ताटात थापून गरम असतानाच वड्या पाडाव्यात. सुमारे दोन किलो गूळपापडी होते. वीस ग्रॅमांची एक याप्रमाणे शंभर वड्या सहज निघतात. तूप परवडत नसेल तर भाजलेले शेंगदाणे गुळासह कुटून लाडू वळावेत. दाण्याचे अंगचे तेलच त्यांस पुरते. राजगिऱ्याच्या लाह्या गुळाच्या पाकात घालून लाडू बांधले, तर उपवासकरीही ते घेतात. रेवडी मात्र सरावाचे काम. आटवून घट्ट केलेला पाक खुंटीस लावून वारंवार ओढावा लागतो. ओढण्याने त्यात हवा भरते व तो पांढरा पडतो, मग तुकडे करून तिळात घोळतात. हे काम नवख्या हाताचे नव्हे आणि मुलांचे तर मुळीच नव्हे, कारण तापलेला पाक हाडापर्यंत पोळतो.

आता अन्नविक्रीच्या निधीचे सामर्थ्य किती, हे पाहावयाचे असेल तर पुन्हा सातासमुद्रांपलीकडे दृष्टी टाकावी लागते. 1955 च्या डिसेंबरात अमेरिकेच्या मॉंटगोमेरी नगरीत काळ्या नागरिकांनी वर्णभेद पाळणाऱ्या बसगाड्यांवर बहिष्कार घातला. तो 381 दिवस चालला. तेथे जॉर्जिया गिलमोर नावाची एक स्वयंपाकीण होती. तिने आपल्यासारख्या कष्टकरी स्त्रियांस जमवून घरोघरी केक, पाय व भोजनाचे पदार्थ करविले आणि ते विकून आलेला पैसा बहिष्काराच्या कार्यास दिला. गोऱ्यांच्या घरी राबणाऱ्या या स्त्रियांची नावे उघड झाली असती तर त्यांच्या पोटावर पाय आला असता. म्हणून त्यांनी आपल्या मंडळास ‘कुठूनच नाही’ अशा अर्थाचे नाव दिले. पैसा कोठून आला असे कोणी विचारले, तर उत्तर नावातच तयार! काल्यात जसे कोणाच्या शिदोरीतला घास कोणता हे कळत नाही, तसेच येथे झाले. निनावी हातांनी केलेल्या खाऊवर एक न्यायाचा लढा पोसला गेला.

महाराष्ट्रात स्त्रियांच्या हातच्या पदार्थांस बाजाराची वाट पुढे मोकळी झाली. 1959 साली मुंबईच्या गिरगावात सात स्त्रियांनी 80 रुपयांच्या उसन्या भांडवलावर पापड लाटावयास आरंभ केला आणि त्यातून लिज्जत पापडाची संस्था वाढली. 1975 साली प्रेमाताई पुरव यांनी गिरणी कामगारांस जेवण पुरविणाऱ्या खानावळवाल्या स्त्रियांचे अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापिले. पुढे गावोगाव बचतगट निघाले. हा सारा स्वावलंबनाचा व्यवहार झाला, दानाचा नव्हे. परंतु त्याने एक जुना अडसर दूर केला. कोणी केले हे न विचारता केवळ चव, स्वच्छता व किंमत पाहून घरगुती खाऊ विकत घेण्याची सवय समाजास लागली. जिल्हा परिषदेच्या शाळांत मुले घरून आणलेले पदार्थ मांडून बाल आनंदमेळावा भरवितात, तेव्हा भेळ कोणाच्या आईने केली याची चौकशी करून कोणी विटाळ मानीत नाही. 1890 च्या चहाच्या पेल्यापासून या भेळीच्या द्रोणापर्यंतचे अंतर थोडे नव्हे.

शेवटी एका चमत्कारिक गोष्टीचा उल्लेख केल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. ज्या तीन पदार्थांनी या लेखाचे शीर्षक सजले आहे, त्या तिन्हींचे मराठी भाषेने काय केले? ‘मलिदा खाणे’ म्हणजे सार्वजनिक पैशावर ताव मारणे. ‘खिरापत वाटणे’ म्हणजे योग्यायोग्य न पाहता उधळणे. ‘रेवडी उडविणे’ म्हणजे कोणाची फजिती करणे. देवापुढचा प्रसाद, मुलींचा खाऊ आणि यात्रेची भेट यांस भाषेने असा कडवट अर्थ का द्यावा? पहिल्या दोहोंपुरते तरी कारण उघड आहे. सर्वांच्या मालकीचे अन्न कोणा एकाच्या हाती गेले, की ते वाटेत नाहीसे होते किंवा मर्जीतल्यांच्या मुखी पडते, हा अनुभव लोकांनी पिढ्यानपिढ्या घेतला व तो शब्दांत साठविला. म्हणी कोणाच्या द्वेषाने जन्मत नाहीत, त्या अनुभवाने जन्मतात.

म्हणून लोककार्यासाठी खाऊ करणाऱ्यांनी पीठ व गूळ यांच्या प्रमाणाइतकीच हिशेबाची काळजी घेतली पाहिजे. जिन्नस किती लागले, वड्या किती झाल्या, विक्री किती आली आणि ती कोठे गेली, हे चार आकडे फळ्यावर सर्वांस दिसतील असे लिहावेत. पैसा फंडास लोकांनी पैसा दिला, कारण त्यांस तळेगावची काच दिसली. मुष्टिफंडास मूठ दिली, कारण त्यांस साताऱ्याची शिकणारी मुले दिसली. दहा रुपयांची वडी घेणारा गिऱ्हाईक काही केवळ गोडीसाठी ती घेत नाही. आपला घास कोणाच्या तरी उपयोगी पडतो आहे, या विश्वासाचे मोल तो देत असतो. तो विश्वास राखला, तर मढीच्या यात्रेत हातावर पडणाऱ्या मलिद्यास त्याचा मूळचा अर्थ परत मिळेल. तो अर्थ एवढाच की, सर्वांनी थोडेथोडे आणावे, एकत्र मळावे आणि ज्याला गरज आहे त्याच्यापर्यंत तो घास अखंड पोहोचवावा.