ओळ तोडायची कुणी?

मंडळी, फाईलच्या नावात एक स्पेस आली की कमांडची वाट लागते. का? कारण ओळ तोडायची कुणी, यावर दोन घराणी आहेत.

युनिक्समध्ये (पहिली आवृत्ती १९७१, बेल लॅब्ज) हे काम शेलचं. प्रोग्रॅमला निवडलेली, चिरलेली भाजी मिळते. सत्तरच्या दशकातल्या सीपी/एमने अख्खी जुडीच हातात ठेवली: मेमरीत १२८ बाइट, पहिल्यात लांबी, पुढे न तोडलेली ओळ. १९८१ मध्ये डॉसने तेच उचललं, मग विंडोजने. मर्यादा ३२,७६७ अक्षरांपर्यंत वाढली, ओळ मात्र अखंडच!

त्यामुळे तोडायचे नियम ज्याचे त्याचे. मायक्रोसॉफ्टच्या सी लायब्ररीचे वेगळे, सीएमडीचे वेगळे. अवतरणचिन्हाआधीचे बॅकस्लॅश मोजत बसायचं म्हणजे निव्वळ छळ आहे.

एप्रिल २०२४ मध्ये याचं बिल रस्टच्या नावावर फाटलं. विंडोजवर बॅच फाईलला दिलेलं आर्ग्युमेंट सीएमडी आपल्याच पद्धतीने वाचायचा, आणि बाहेरून आलेल्या मजकुरातून भलतीच कमांड चालवता यायची. घाईने १.७७.२ काढावी लागली. सुरक्षिततेसाठी नावाजलेली भाषा, अडकली कुठे तर अवतरणचिन्हात!

युनिक्सवाल्यांनी फार हसू नये. बॅशमध्ये व्हेरिएबलभोवती अवतरणचिन्हं विसरलात, की स्पेसवर तुकडे तिथेही पडतातच.