होमरचा बिननिळा समुद्र

विल्यम ग्लॅडस्टन पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झाले. मला ते आठवतात होमरचे वाचक म्हणून. होमर समुद्राला मद्यासारखा म्हणतो, आकाशाला निळे म्हणत नाही, हे त्यांनी १८५८ साली दाखवले आणि प्राचीन ग्रीकांची रंगदृष्टीच अविकसित ठरवली. कवीच्या शब्दांवरून डोळे तपासायचे, ही माझ्या मते अजब वैद्यकी! १८७९ साली ग्रँट ॲलन यांनी दूरदेशींच्या मिशनऱ्यांकडून माहिती मागवली. रंगाला वेगळे नाव नसलेली माणसेही तो रंग वेगळा ओळखत होती.

तरी शब्द अगदीच निष्प्रभ नसतो. रशियनमध्ये फिकट निळा ‘गलुबोय’, गडद तो ‘सीनी’. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात एक छटा गलुबोय, दुसरी सीनी असली, की रशियन भाषक फरक लवकर ओळखत. मनात आकडे घोकायला लावले, की ही चपळाई नाहीशी होई.