टॉप क्वार्कचा शोध आणि एकटा इलेक्ट्रॉन

मंडळी, आज आपण एका प्रश्नाचा इतिहास बघणार आहोत. जो जड कण कुणी कधी पाहिलाच नाही, तो आला हे ओळखायचं कसं?

1977 साली अमेरिकेतल्या फर्मीलॅबमध्ये बॉटम क्वार्क सापडला. क्वार्क जोडीने असतात, म्हणजे त्याचा जोडीदार ‘टॉप’ असणारच. पण तो जड, आणि जन्मताच मोडणारा. हाती लागतात ते इलेक्ट्रॉन, म्यूऑनसारखे अवशेष. अडचण अशी, की बॉटमही हेच अवशेष देतो, आणि टक्करींत तो कितीतरी जास्त वेळा तयार होतो.

यावरची युक्ती 1983 साली मांडली गेली. मांडणारे तिघे: पुण्यात शिकलेल्या आणि तेव्हा मुंबई विद्यापीठात शिकवणाऱ्या रोहिणी गोडबोले, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले डी. पी. रॉय, आणि हवाईचे संदीप पाकवासा. बॉटम हलका, म्हणून त्याचे तुकडे एकाच दिशेने घोळक्याने जातात. बदलापूरला लोकल थांबली की गर्दी पुलाकडे लोटते, तसंच. टॉप जड, म्हणून मोडताना त्याचे तुकडे दूरदूर फेकले जातात. तेव्हा घोळक्यापासून लांब, एकटा पडलेला इलेक्ट्रॉन शोधा!

पण एकटेपणा पुरेसा नव्हता. 1984 साली सर्नच्या यूए-1 प्रयोगाने प्रोटॉनच्या चाळीसेक पट जड टॉपची चिन्हं दिसल्याचं जाहीर केलं. नेहमीच्या प्रक्रियांतूनही असे एकटे कण निघतात, ते हिशेबात कमी धरले गेले होते. दावा टिकला नाही.

खरा टॉप 2 मार्च 1995 रोजी फर्मीलॅबने जाहीर केला, सीडीएफ आणि डी-झिरो या दोन प्रयोगांनी मिळून. डी-झिरोमध्ये आपली टाटा संस्थाही होती. वजन निघालं प्रोटॉनच्या सुमारे 184 पट, जवळपास सोन्याच्या अख्ख्या अणूइतकं!

आता हा शोध सर्नच्या 27 किलोमीटर घेराच्या यंत्रात चालतो. इथून लोकलने कल्याणला जाऊन परत यावं, साधारण तेवढं अंतर. तिथे प्रोटॉनवर प्रोटॉन आदळतात. न दिसणारा नवा कण ऊर्जा घेऊन निसटला, तर हिशेबात तूट येते. पण साधेच कण मापकातून आरपार गेले तरीही तूटच दिसणार. म्हणून सीएमएस प्रयोगात चुंबकाबाहेर मापकाचा आणखी एक थर बसवलाय. त्याच्या उभारणीत टाटा संस्थेचा मोठा वाटा आहे.

2012 साली हिग्ज मिळाला. त्यानंतर टॉपपेक्षा जड असा नवा मूलकण अजून हाती आलेला नाही. शोध मात्र चालूच आहे, आणि 1984 चा धडा आजही लागू आहे. जुनं काय काय करू शकतं हे पुरतं मोजल्याशिवाय नवं सापडलं असं आपल्याला म्हणता येत नाही.