हुतूतू ते काउंटर-स्ट्राइक: खेळ स्पर्धेत येतो कसा?

मागच्या वेळी मी इथं कबड्डीवर बोललो होतो. कार्यक्रम संपल्यावर एका मुलानं जिन्यात गाठलं आणि विचारलं, "सर, आमचा गेम स्पर्धेत का घेत नाहीत?" गेम कोणता, ते बाजूला ठेवू. त्याला मी लगेच उत्तर दिलं नाही, कारण साधारण वीस वर्षांपूर्वी मी स्वतः हाच प्रश्न विचारला होता आणि मला सरळ 'नाही' ऐकावं लागलं होतं. आज त्या 'नाही'बद्दल बोलू या.

तो काळ आठवून बघा. सांगलीत विश्रामबागला, साताऱ्यात पोवई नाक्याच्या आसपास सायबर कॅफे होते. तासाला पंधरा-वीस रुपये. अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या तांत्रिक महोत्सवात रोबो आणि पेपर वाचन यांच्या जोडीला 'लॅन गेमिंग' आलं होतं. लॅन म्हणजे इंटरनेट नव्हे बरं का. एका खोलीतले संगणक वायरनं एका स्विचला जोडायचे, की झालं. इंटरनेटचा वेग इतका रडका होता की त्यावर स्पर्धा घेणं शक्यच नव्हतं. आणि भारनियमन! स्पर्धेची वेळ प्राचार्य ठरवायचे नाहीत, वीज मंडळ ठरवायचं. जनरेटर लावला तरी मधल्या दोन क्षणांत वीस संगणक बंद पडायचे आणि जिंकत आलेला संघ डोक्याला हात लावून बसायचा.

या सगळ्यात एक गेम पक्का असायचा: काउंटर-स्ट्राइक. मुळात १९९९ साली 'हाफ-लाइफ' या दुसऱ्या गेमवर दोन हौशी मुलांनी चढवलेली ती भर होती. पुढं व्हॉल्व्ह कंपनीनं ती आपल्याकडे घेतली. २००३ ची १.६ ही आवृत्ती आमच्याकडे पुढं कितीतरी वर्षं चालली. दिसायला त्याहून देखणे गेम येऊन गेले, तरी ही हलली नाही. का? जुन्या, ग्राफिक्स कार्ड नसलेल्या संगणकावर चालायची. इंटरनेट लागायचं नाही. पाच विरुद्ध पाच. एक फेरी पावणेदोन मिनिटांची. मागं उभा असलेला, कधी न खेळलेला पोरगाही दोन फेऱ्यांत समजून जायचा की हे बॉम्ब लावणारे आणि ते लावू न देणारे.

आणि खरं सांगायचं तर मूळ सीडी विकत घेतलेला माणूस मी त्या काळात पाहिलेला नाही. पेन ड्राइव्हवरून गेम फिरायचा. त्याचा एक फायदा असा, की सगळ्यांकडे एकाच पेन ड्राइव्हची, म्हणजे एकच आवृत्ती असायची. चोरीमुळे प्रमाणीकरण झालं, असं म्हणायला हरकत नाही.

आमचं भांडण होतं ते 'क्रिकेट ०७' साठी. ईए स्पोर्ट्‌सचा हा गेम २००६ च्या अखेरीस आला आणि घराघरात गेला. काउंटर-स्ट्राइक खेळणारा एक, तर क्रिकेट खेळणारे दहा. मग तो स्पर्धेत का नको? आम्ही चौघे आयोजक समितीपुढे गेलो. समिती म्हणजे आमच्याहून एक वर्ष मोठी मुलं, पण रुबाब निवड समितीचा. त्यांनी आम्हाला हिशेब घातला. बत्तीस संघ बाद पद्धतीनं खेळवायचे तर एकतीस सामने. लॅबमध्ये वीस संगणक, म्हणजे एका वेळी दोन सामने. काउंटर-स्ट्राइकचा पूर्ण तीस फेऱ्यांचा सामना पाऊण तास धरला तर बारा तास लागतात. तेवढं बसवतानाच आमची दमछाक होते, तुमच्या क्रिकेटला जागा कुठली?

त्यावर आम्ही म्हणालो, पाच षटकांचा सामना करू. तेव्हा खरी अडचण बाहेर आली. हा गेम लॅनवर चालतच नव्हता. दोघांनी एकाच संगणकासमोर, एकाच पडद्यावर बघत खेळायचं. आणि गोलंदाज चेंडू कुठं टाकणार ती खूण त्या पडद्यावर दिसते! म्हणजे फलंदाजाला आधीच कळतं. घरी भावाशी खेळताना याचं काही वाटत नाही, पण बक्षीस ठेवलं की ती फसवणूक होते. त्यात प्रत्येकाच्या संगणकावर वेगळा पॅच, वेगळे संघ, वेगळ्या ताकदीचे खेळाडू. आमच्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी पुढच्या वर्षी बाहेरच्या व्हरांड्यात एक संगणक आणि दोन गेमपॅड ठेवून 'प्रदर्शनी' म्हणून आमचा गेम लावला. बक्षीस नाही, प्रमाणपत्र नाही. गर्दी मात्र तिथंच.

तेव्हा अपमान वाटला होता. नंतर हुतूतूचा इतिहास वाचला आणि जरा बरं वाटलं.

हुतूतू गावोगाव वेगळा होता. संजीवनी, गामिनी, अमर असे त्याचे प्रकार. संजीवनीत समोरचा गडी बाद झाला की आपला बाद गडी जिवंत होऊन परत येतो. गामिनीत बाद झालेला बाहेर बसतो तो सगळा संघ बाद होईपर्यंत. अमरमध्ये बाद होऊनही गडी मैदानातच, फक्त गुण मोजायचा. आता गेम खेळणाऱ्यांनी सांगावं, काउंटर-स्ट्राइक कशात बसतो? मेलेला खेळाडू फेरी संपेपर्यंत बघत बसतो, म्हणजे गामिनीच्या जवळ. आणि मरून लगेच उठणारा डेथमॅच हा अमरचा भाऊ. तर अशा तीन तऱ्हांच्या गावांना एका मैदानात आणायचं कसं? महाराष्ट्रात १९२१ च्या सुमारास संजीवनी आणि गामिनी यांचा मेळ घालून स्पर्धेसाठी नियम बांधले गेले. १९२३ साली समितीनं ते सुधारले आणि त्याच वर्षीच्या अखिल भारतीय स्पर्धेत वापरले. कुणाला तरी आपल्या गावचा नियम सोडावा लागला असेलच.

सांगलीकरांना बुद्धिबळाचं वेगळं सांगायला नको. भाऊसाहेब पडसलगीकरांच्या नूतन बुद्धिबळ मंडळाचं हे गाव, भाग्यश्री साठे-ठिपसे इथल्याच. पण आपला देशी डाव निराळा होता: प्यादं पहिल्या खेळीतही एकच घर चालायचं आणि राजाला एकदा घोड्याची उडी मिळायची. ते सोडून आंतरराष्ट्रीय नियम घेतले, म्हणून सांगलीची मुलगी परदेशात जाऊन त्याच पटावर बसू शकली.

पुढं १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डी दाखवली. दाखवली, म्हणजे प्रदर्शनी. व्हरांड्यातच म्हणा ना. आशियाई स्पर्धेत पदकाचा खेळ म्हणून ती आली १९९० साली, बीजिंगला. आता २०१८ चं जकार्ता पाहा. तिथं पुरुषांची कबड्डी इराणकडून उपांत्य फेरीत हरली, सलग सात सुवर्णांनंतर पहिल्यांदा. आणि त्याच जकार्तात भूजच्या तीर्थ मेहतानं 'हार्थस्टोन' या पत्त्यांच्या व्हिडिओ गेममध्ये कांस्य मिळवलं. ते पदकतक्त्यात धरलं गेलं नाही, कारण ई-स्पोर्ट्‌स प्रदर्शनी होते.

इथवर दोन्ही गोष्टी समांतर चालतात. पुढं मात्र फाटा फुटतो, आणि त्या मुलाला मला हेच सांगायचं होतं. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ई-स्पोर्ट्‌सना खरी पदकं मिळणार होती, हार्थस्टोनही यादीत होता. पण जानेवारी २०२३ मध्ये ब्लिझर्ड आणि तिची चिनी भागीदार नेटईज यांचा करार संपला, चीनमधली सेवा बंद झाली आणि दोन महिन्यांत तो गेम यादीतून गेला. खेळाडूंची चूक काहीच नव्हती. कबड्डीचं असं होऊ शकत नाही, कारण कबड्डीला मालक नाही. १९२१ मध्ये नियम बदलताना कुणाची परवानगी लागली नव्हती.

आपल्याकडे याचा फटका मोबाइलवर बसला. २०१८ पासून पबजी आला आणि लॅब, वायर, जनरेटर सगळंच संपलं. कडेगावच्या पोराला सांगलीला यायची गरज उरली नाही, हा फायदा मोठाच. पण २ सप्टेंबर २०२० ला सरकारनं बंदी घातली. जुलै २०२१ मध्ये तोच गेम बीजीएमआय नावानं परत आला, २८ जुलै २०२२ ला पुन्हा काढला गेला, मे २०२३ मध्ये पुन्हा आला. या ये-जा मध्ये ज्यांची सोळा ते वीस ही वर्षं गेली, त्यांना सरावाचा हिशेब कोण देणार? बंदीमागची कारणं सुरक्षेची होती, त्यावर मी बोलत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रानं ई-स्पोर्ट्‌स क्रीडा मंत्रालयाकडे दिले आणि २०२५ च्या कायद्यानं पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालताना ई-स्पोर्ट्‌सना वेगळी मान्यता दिली. निदान आता प्राचार्यांपुढे ठेवायला कागद तरी आहे.

तर तो मुलगा मागच्या आठवड्यात परत भेटला. त्यानं नियमांचं पान लिहून आणलं होतं: संघ किती जणांचा, सामना किती मिनिटांचा, वाद झाला तर पंच कोण. आमच्यापेक्षा कितीतरी बरं काम. मी त्याला एवढंच विचारलं, की गेमचं शेवटचं अपडेट कधी आलं? म्हणाला, "परवा. दोन बंदुकांची ताकद कमी केली, सर." स्पर्धा पुढच्या महिन्यात आहे, आणि त्याआधी अजून एक अपडेट यायचं आहे.