तोफ झाल्यावर

गेल्या धनत्रयोदशीची गोष्ट. नातवाला घेऊन मी आकाशकंदील आणायला गुलमंडीत गेलो होतो. पैठण दरवाजाकडून टिळक पथाने सुपारी मारुतीपाशी पोचतो न पोचतो, तोच लवंगी फटाक्यांची माळ पेटावी तसा आवाज करीत चार फटफट्या अंगावरून गेल्या. एकेकीवर तीन-तीन पोरे. पणत्या विकणाऱ्या एका म्हातारीने घाबरून टोपली मागे ओढली, तशा चार-सहा पणत्या घरंगळून फुटल्या. दहा मिनिटांनी तीच वरात पुन्हा आली.

"आजोबा, हे कुठे चाललेत?" नातवाने विचारले.

"कुठेच नाही," मी म्हणालो. आणि तेच खरे होते.

शेजारचे दुकानदार संतापून म्हणाले, "रात्री आठनंतर एकूण एक पोर उचलून आत टाकले पाहिजे. जुना कोतवाल हवा होता!" भोवतालच्या मंडळींनी माना डोलावल्या. माझीही मान डोलायला लागली होती. पण आयुष्यभर इतिहास शिकवला की माणसाला एक खोड लागते. 'जुना' म्हटले की तो विचारतो, कोणता जुना?

वाचकहो, कोतवाल हे आमच्या गावाला अपरिचित पात्र नव्हे. मलिक अंबरने १६१० च्या सुमारास खडकी वसवली. १६५३ मध्ये औरंगजेब दुसऱ्यांदा दख्खनचा सुभेदार होऊन आला आणि खडकीचे औरंगाबाद झाले. १६८२ मध्ये शहराभोवती तट उभा राहिला. २०२३ पासून आपण त्याला छत्रपती संभाजीनगर म्हणतो. मोगली शहर म्हटले की दरवाजे आले आणि दरवाजे म्हटले की कोतवाल आला.

या कोतवालाने काय करावे, हे अबुल फजलने अकबराच्या काळातच 'ऐने अकबरी'त लिहून ठेवले आहे. थोडी रात्र झाली की शहरात येणे-जाणे बंद करावे, हे त्यात आहेच. आपल्याला तेवढेच आठवते. परंतु त्याच्या आगेमागे जे आहे ते अधिक वाचनीय आहे. घरांची नोंद ठेवावी. काही घरांचा मिळून एक मोहल्ला करावा आणि त्यावर एक शहाणा माणूस नेमावा. आला-गेला कोण, हे त्याने रोज कळवावे. शेजाऱ्यांकडून एकमेकांच्या सुखदुःखात धावून जाण्याची हमी घ्यावी. आणि जे रिकामटेकडे असतील त्यांना एखाद्या कारागिरीला लावावे. म्हणजे ओळख, शेजार, काम आणि मग कुलूप, अशी ती चौकट होती. प्रत्यक्षात सगळेच कोतवाल तशी पाळत होते असे मी म्हणणार नाही. कागदावरचा कोतवाल नेहमीच रस्त्यावरच्या कोतवालापेक्षा सज्जन असतो.

यातली नुसती कुलूप-किल्ली हाती राहिली म्हणजे काय होते, याचा धडा महाराष्ट्राने पुण्यात घेतला. आणि गंमत अशी की तो धडा देणारा गृहस्थ आमच्याच गावातून गेलेला! घाशीराम सावळदास हा मूळचा उत्तरेकडचा, पण औरंगाबादेत राहिलेला. १७७७ मध्ये तो पुण्याचा कोतवाल झाला. पुढे १९७२ मध्ये विजय तेंडुलकरांनी त्याच्यावरून नाटक लिहिले आणि त्याचे नाव घरोघरी गेले. पण नाटक निराळे नि इतिहास निराळा.

त्या काळच्या पुण्याचा बंदोबस्त मोठा कडक. रात्री ठरल्या वेळी तोफ होई. त्यानंतर जो रस्त्यावर सापडेल त्याला गस्तवाले पकडून चौकीत ठेवीत आणि सकाळी सोडीत. पेशव्यांच्या पदरी असलेला टोन नावाचा एक आयरिश अधिकारी लिहितो की, अवेळी बाहेर पडल्यामुळे खुद्द पेशव्यांनाही एकदा रात्रभर अडकून पडावे लागले होते. शिस्त म्हणून हे ऐकायला फार बरे वाटते. दुकानदारांना हाच कोतवाल हवा होता.

आता पुढचे ऐका. १७९१ च्या ऑगस्टमध्ये श्रावणातली दक्षिणा घेऊन तेलंगी ब्राह्मणांचा एक जथा परत निघाला होता. त्यांपैकी काहींनी कोतवालाच्या बागेत शिरून काही तोडले, एवढाच गुन्हा. शिपायांनी तीसएक जणांना धरले आणि एका कोंदट खोलीत कोंडले. दार कोणी उघडले नाही. उघडले तेव्हा वीसहून अधिक माणसे गुदमरून मेली होती. पुणे खवळले. लोकांचा जमाव नाना फडणिसांच्या दाराशी जाऊन बसला. अखेर ३१ ऑगस्टला घाशीरामाची हत्तीवरून धिंड निघाली आणि लोकांनी त्याला दगडांनी ठेचून मारले. म्हणजे ज्याने चौदा वर्षे शहराला रस्त्यावर दंगा करू दिला नाही, त्याचा शेवट शहराने रस्त्यावर दंगा करूनच केला.

मला या कथेत कोतवालाच्या क्रौर्यापेक्षा एका साध्या गोष्टीचे भय वाटते. त्या खोलीतल्या एकाचेही नाव पहारेकऱ्याला ठाऊक नसावे. नाव ठाऊक असते, तर आतली हाक त्याला ऐकू आली असती.

याच्या उलट एक उदाहरण घरचेच आहे. अठराव्या शतकातला आमचा उर्दू कवी सिराज औरंगाबादी. बाराव्या वर्षी या पोराला कसले तरी वेड लागले आणि पुढे सात वर्षे तो भान हरपून भटकत राहिला. रात्रीच्या रात्री खुलताबादेत बुऱ्हानुद्दीन गरीब यांच्या दर्ग्याशी काढी. एखाद्या कडक कोतवालाच्या वहीत त्याची नोंद 'रात्री विनाकारण भटकणारा' अशीच झाली असती. पण तो अमक्याचा मुलगा आहे हे लोकांना ठाऊक असावे.

मी स्वतः काही कवी नव्हतो. सतरा वर्षांचा असताना, दिवा नसलेल्या सायकलवर डबलसीट बसून, गुलमंडीत विनाकारण सातवी फेरी मारताना एका हवालदाराने मला धरले होते. कोपऱ्यावरच्या पानवाल्या काकांनी नुसते विचारले, "अरे, हा तर अमक्यांचा धाकटा! वडिलांना सांगू का?" त्या एका वाक्याने जे काम केले, ते कोठडीने केले नसते. महिनाभर मी त्या रस्त्याला फिरकलो नाही.

आता सायकली गेल्या. १९५८ मध्ये विद्यापीठ आले, खेड्यापाड्यांतून मुले आली. १९८५ मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना आला. गावाच्या वेशीवरच दुचाक्या तयार होऊ लागल्या. शहर इतके वाढले की पानवाल्याला गिऱ्हाइकाचे नाव ठाऊक असणे शक्य राहिले नाही. रस्त्यावरच्या गैरवर्तनासाठी १९५१ च्या पोलीस कायद्यात कलमे आहेत, कानठळ्या बसवणाऱ्या गाडीला दंड आहे, मुलींच्या मदतीला दामिनी पथक आहे. ते सारे हवेच. ज्या मुलीला त्या फटफट्यांमुळे बाजारात यायची धास्ती वाटते, तिला माझा इतिहास काय कामाचा? पण कलम हे कुलूप आहे. ओळख, शेजार आणि काम या तीन गोष्टी कोतवालाने एकट्याने करायच्या नव्हत्याच. त्या तेव्हाही गावाकडेच होत्या.

त्या संध्याकाळी वरात तिसऱ्यांदा आली, ती एका चहाच्या गाडीपाशी थांबली. मी नातवाचे बोट धरून पुढे झालो. छातीत थोडी धडधड होतीच.

"काय रे, तुझे नाव काय?" एकाला विचारले. तो गडबडला. शिव्यांची तयारी होती, प्रश्नाची नव्हती. त्याने नाव सांगितले, गाव सांगितले. या दिवाळीला कामावरून रजा मिळाली नव्हती, म्हणून घरी जाता आले नव्हते.

"त्या आजींच्या पणत्या फुटल्या बघ तुमच्यामुळे," मी म्हणालो.

तो काही बोलला नाही. पण जाताना गाडी ढकलत म्हातारीपर्यंत गेला, खिशातून एक नोट काढून टोपलीत टाकली आणि मान खाली घालून निघून गेला. बाकीच्यांनी पुढे जाऊन पुन्हा तोच आवाज काढला, हेही सांगितले पाहिजे.

तरीसुद्धा चारांतली एक फटफटी त्या रात्री कमी वाजली. यंदा फराळाला कोणाला बोलवावे, याची यादी करताना नातवाने त्या पोराचे नाव बरोबर सांगितले.