गार पाण्याचा हिशेब

मागच्या खेपेला धाकटीकडे सॅक्रामेंटोला होतो, तेव्हा जावईबापू आम्हाला शास्ता धरण बघायला घेऊन गेले. ६०२ फूट उंचीची भिंत, १९३८ ते १९४५ या काळात बांधलेली. "आपल्या कोयनेसारखंच की हो," असे सौ. म्हणाली. मी मात्र कठड्यापाशी लावलेला माशांचा फलक वाचत राहिलो. (मास्तरांची खोड. फलक दिसला की वाचायचाच.) घरी आल्यावर नातवाला कॉम्प्युटरवर बसवून आणखी वाचले. त्यातलेच थोडे लिहितो.

सॅक्रामेंटो नदीत सॅमन माशांची एक जात आहे. तिला 'हिवाळी' म्हणतात, कारण ती समुद्रातून नदीत हिवाळ्यात शिरते. पण अंडी घालते ऐन उन्हाळ्यात! कॅलिफोर्नियाच्या उन्हाळ्यात हे वेडेपणाचे वाटेल. पण पूर्वी हे मासे जात ते मॅक्लाउडसारख्या वरच्या अंगाच्या नद्यांत. तिथे ज्वालामुखीच्या खडकांतून बारमाही गार झरे फुटतात. आपल्याकडे पहिल्या पावसात चढणीचे मासे ओढ्यातून वर जातात ना, तसेच. लहानपणी त्या माशांची गाबोळी आम्ही फार चवीने खाल्ली आहे. आपण त्यांची पुढची पिढीच खातोय, हे तेव्हा कुणी सांगितले नाही, आणि सांगितले असते तरी आम्ही खाल्लीच असती.

धरणाने ती वाट बंद झाली. १८७२ साली लिव्हिंगस्टन स्टोन यांनी मॅक्लाउडकाठी सरकारी मत्स्यबीज केंद्र उभारले होते, तेही बुडाले. तिथे पिढ्यानपिढ्या राहणाऱ्या विनेमेम विंटू लोकांची गावेही बुडाली.

मासे मात्र लगेच संपले नाहीत. धरणाच्या तळाचे गार पाणी खाली सुटे, त्यावर ते भिंतीच्या पायथ्याशीच तगले. १९६९ साली लाखाच्या वर मासे परतले होते. मग १९७६-७७ चा दुष्काळ आला, पाणी तापले, आणखीही कारणे होती. १९९४ साली परतलेले मासे दोनशेसुद्धा नव्हते. त्याच वर्षी ही जात 'नामशेष होण्याच्या मार्गावर' अशी नोंदली गेली. १९९७ साली धरणाच्या पाण्याकडच्या अंगाला पोलादी झडपांचा प्रचंड सांगाडा बसवला. हव्या त्या खोलीचे पाणी घेऊन वीजही करायची आणि नदीही गार ठेवायची. खर्च सुमारे आठ कोटी डॉलर.

आता खरा प्रश्न हिशेबाचा. साठा किती, त्यातला गार थर किती, रोज किती सोडायचे, म्हणजे अंडी फुटेपर्यंत पुरेल? यासाठी गणिती प्रतिमाने करतात. मर्यादा धरली होती ५६ अंश फॅरनहाइट, म्हणजे आपले साधारण १३.३ अंश सेल्सिअस. आकडेमोड साधी करून सांगतो (आकडे माझेच, समजण्यापुरते). रोज शंभरातली ९९ अंडी वाचली, तर साठ दिवसांनी ५५ उरतात. पाणी तापून रोज ९५ च वाचू लागली, तर साठ दिवसांनी पाचसुद्धा उरत नाहीत. रोजचा फरक चारचा, शेवटचा फरक पन्नासचा! वर्गात चक्रवाढ व्याज शिकवणाऱ्यांना हे उदाहरण फुकट देतो.

२०१४ साली नेमके हेच झाले. दुष्काळ होता, गार पाणी हिशेबापेक्षा लवकर संपले. पंचाण्णव टक्क्यांच्या आसपास अंडी-पिल्ले गेली. २०१५ मध्ये पुन्हा तेच. हा मासा बहुधा तिसऱ्या वर्षी परततो, म्हणजे लागोपाठ तीन वर्षे बुडाली की खातेच बंद.

चूक फक्त पावसाची नव्हती. प्रयोगशाळेत जे तापमान अंडी सोसत होती, ते नदीत सोसत नव्हती. २०१७ मध्ये बेंजामिन मार्टिन आणि सहकाऱ्यांनी याचे कारण मांडले. पाणी कोमट झाले की अंड्याला प्राणवायू जास्त लागतो. प्रयोगशाळेत पाणी जोरात वाहते, नदीत अंडी खडीखाली पुरलेली, तिथे पाणी संथ झिरपते. त्यामुळे नदीतली सोसण्याची मर्यादा सुमारे तीन अंश सेल्सिअसने खाली येते. तापमान आणि प्रवाह वेगळे मोजून चालत नाही, हे कळायला इतकी अंडी गेली.

मी छत्तीस वर्षे इतिहास-भूगोल शिकवला. 'धरणाचे फायदे लिहा' हा प्रश्न किती वेळा काढला असेन, गणती नाही. तोट्यांचा प्रश्न एकदाही काढला नाही. पुस्तकात नव्हता, हे खरे, पण पुस्तकाबाहेरचे प्रश्न मी एरवी काढतच असे.

असो. २०२२ च्या उन्हाळ्यात विनेमेम विंटू आणि सरकारी खात्यांनी मिळून सुमारे चाळीस हजार अंडी मॅक्लाउडकाठी उबवली. ऐंशी वर्षांनी ती पिल्ले त्या पाण्यात पोहली. पुढे धरण आडवे, म्हणून त्यांना पुन्हा पकडून गाडीतून भिंतीच्या खाली नेऊन सोडावे लागते. नातवाने मला विचारले, "आजोबा, ती परत येतील तेव्हा वर कोण नेणार?" मी म्हटले, "गाडीच."