पाठीमागचा समुद्र

लातूरच्या मुरुडहून तुम्ही निघालात आणि पोचलात ते १८५७च्या आसपासच्या मुंबईत. अंगात बाराबंदी, डोईला पागोटं, खांद्यावर घोंगडी. विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन या साहेबांच्या फोटो-स्टुडिओत तुम्हाला उभं केलंय. मानेमागे लोखंडी टेकू. इथरचा वास थेट डोक्यात जातो. काचेवर कलोडियन नावाचा चिकट द्राव ओततात, ती काच चांदीच्या क्षाराच्या पाण्यात बुडवतात आणि ओली असतानाच कॅमेऱ्यात सरकवतात. वाळली की बाद. मुंबईच्या उकाड्यात त्यामुळे सगळ्यांची धावपळ. एकट्या तुम्हाला दम भरलेला असतो: ‘हलायचं नाही!’

तुमच्यामागे समुद्र नाही, हे ध्यानात ठेवा.

समुद्र टिपणं तसंही अवघडच. ही काच निळ्या रंगाला भारी हळवी. पाणी नीट उमटेपर्यंत आभाळ पांढरंफटक पडतं. १८५७मध्ये फ्रान्सच्या सेत बंदरात छायाचित्रकार गुस्ताव्ह ल ग्रे यावर तोड काढतो: लाट एका काचेवर, ढग दुसऱ्या काचेवर, आणि क्षितिजाच्या रेषेवर दोन्हींचा सांधा. बघणाऱ्यांना त्या लाटेत अनंत दिसतं, निसर्गाचा कोप दिसतो. सांधा कुणाला दिसत नाही. मला ही लबाडी मान्य आहे. डोळ्यांना जे एकदम दिसतं, तेच तो कागदावर आणतो.

आता सहा वर्षं पुढे या. १८६३. मुंबईतल्या जातीजमातींवरच्या जॉन्सनच्या छायाचित्रग्रंथाचा पहिला खंड छापून आलाय. दुसरा १८६६ला येईल. यातली माणसं स्टुडिओतली, मागचा देखावा दुसरीकडचा, नंतर जोडलेला. समजा, तुमच्या वाट्याला किनारा आला. जन्मात खारं पाणी न पाहिलेले तुम्ही, घोंगडीसकट वाळूत उभे! लंडनचा वाचक तुम्हाला दर्यावर्दी समजणार. (नुसतं मुरुड म्हटलं की आपले लोकही आधी समुद्रातल्या जंजिऱ्याचंच विचारतात, तिथे त्याला काय बोलायचं?)

ल ग्रेचा सांधा समुद्राला पुरा करतो. हा सांधा मात्र तुम्ही कोण, ते ठरवून टाकतो. चित्राखाली तुमचं नाव शोधू नका. तिथे जमातीचं नाव आहे, आणि त्या नावाला साक्षीदार म्हणून मागे किनारा उभा केलाय.